मोटारगाडीतील एंजिन नियंत्रण व वंगण तेल निरीक्षण

अंतर्ज्वलन एंजिनातील हवा व इंधन यांचे प्रमाण, ज्वलनाचा क्षण आणि निष्कास वायूंची शुद्धता ही गती, भार व तापमान यांच्या बदलांनुसार आपोआप योग्य मर्यादेत राखणाऱ्या व्यवस्थेला एंजिन नियंत्रण म्हणतात. एंजिनातील वंगण तेलाची पातळी, दाब, तापमान व गुणवत्ता यांची माहिती चालकाला अथवा नियंत्रकाला पुरविणाऱ्या व्यवस्थेला वंगण तेल निरीक्षण म्हणतात. या दोन्ही शाखांचा उगम एकच आहे. चालकाचे कान, नाक व हात यांच्यावर सोपविलेले काम मापनाकडे सोपविणे, हा तो उगम होय. मात्र दोहोंची प्रगती सारख्या गतीने झाली नाही. इंधनाच्या बाबतीत आधुनिक एंजिन क्षणाक्षणाला प्रत्यक्ष मोजमाप करून दुरुस्ती करते. तेलाच्या बाबतीत मात्र ते पुष्कळदा केवळ अनुमान करते. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे सुस्थितीतील एंजिने निकामी होतात, म्हणून प्रस्तुत नोंदीत दोन्ही विषयांचा एकत्र विचार केला आहे. [→ अंतर्ज्वलन-एंजिन, वंगण व वंगणक्रिया].

ऐतिहासिक आढावा : निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार धावांचे एंजिन यशस्वी केले, तेव्हा त्याचे नियंत्रण जवळजवळ पूर्णपणे मानवी होते. वाफेच्या एंजिनासाठी जेम्स वॉट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वापरलेला फिरत्या गोळ्यांचा गतिनियंता स्थिर एंजिनांना उपयोगी पडला. परंतु रस्त्यावरील वाहनाची गती व भार सतत बदलत असल्याने त्याला एवढे पुरेसे नव्हते. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या गाडीत सुकाणू चक्राखाली दोन तरफा असत. एकीने मिश्रणाचा पुरवठा कमीजास्त होई, तर दुसरीने ठिणगीचा क्षण मागेपुढे करता येई. एंजिन सुरू करताना ठिणगी उशिरा व गती वाढल्यावर लवकर पाडणे, ही चालकाची जबाबदारी असे. ठिणगी वेळेआधी पडली, तर एंजिन उलटे फिरून हाताने फिरवावयाच्या दांड्याचा जोरदार तडाखा बसे.

याच गाडीत तेलासाठी पंप नव्हता. फिरत्या भागांनी उडविलेल्या तेलाच्या तुषारांवर वंगणाचे काम चाले. तेलाची पातळी पाहण्यासाठी एंजिनाच्या तळाशी एकीखाली एक अशा दोन लहान तोट्या होत्या. वरच्या तोटीतून तेल आले, तर ते पुरेसे आहे आणि खालच्या तोटीतूनही आले नाही, तर गाडी चालविणे धोक्याचे आहे, असे समजत. वंगण तेल निरीक्षणाचे हे सर्वांत साधे व तरीही अचूक उदाहरण होय.

पुढे एंजिनांची गती वाढली, तसे पंपाच्या साहाय्याने दाबाखाली तेल पुरविणे आवश्यक झाले. फ्रेंच अभियंते यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये एकस्व मिळविलेली वक्र नळीची दाबमापक प्रयुक्ती वाहनांच्या दर्शक फळीवर आली. कालांतराने तिची जागा स्वस्त अशा इशारादर्शक दिव्याने घेतली. प्रज्वलनाच्या बाबतीत वितरकातील केंद्रोत्सारी वजने व निर्वात पडदा यांच्या साहाय्याने ठिणगीचा क्षण आपोआप बदलण्याची सोय झाली आणि चालकाची तरफ नाहीशी झाली. डीझेल एंजिनांसाठी रोबेर्ट बॉश यांच्या जर्मन कंपनीने १९२७ मध्ये इंधन अंतःक्षेपण पंपाचे उत्पादन सुरू केले. त्यामुळे हलकी व शीघ्रगती डीझेल एंजिने रस्त्यावर येऊ शकली.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचा पहिला प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५० नंतरच्या दशकात केला. त्या काळातील विद्युत् घटक वाहनातील उष्णता व कंपने यांना टिकले नाहीत. या कंपनीच्या एकस्वांचा परवाना घेऊन बॉश कंपनीने विकसित केलेली अंतःक्षेपण पद्धती १९६७ मध्ये फोक्सवॅगन गाडीत बसविण्यात आली. अमेरिकेतील १९७० चा स्वच्छ हवा कायदा व त्यानंतरची खनिज तेलाची टंचाई यांमुळे या संशोधनाला मोठी गती मिळाली. १९७६ मध्ये ऑक्सिजन संवेदक वापरात आला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील वाहननिर्मात्यांनी ठिणगीच्या नियंत्रणासाठी सूक्ष्मप्रक्रियकांचा वापर सुरू केला आणि १९७९ मध्ये इंधन व ठिणगी या दोहोंचे एकत्र नियंत्रण करणारी बॉश कंपनीची पद्धती बीएमडब्ल्यू गाडीत उपलब्ध झाली.

पेट्रोल एंजिनाचे नियंत्रण : मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या एंजिनात दर सेकंदाला १०० वेळा ज्वलन होते. भुजादंडाला एक अंश फिरण्यास एका सेकंदाचा सु. अठरा हजारावा भाग लागतो. ठिणगी काही अंश मागेपुढे झाली, तरी शक्ती, इंधनखर्च व एंजिनाचे आयुष्य यांवर परिणाम होतो. यावरून नियंत्रकाला किती अल्प काळात निर्णय घ्यावा लागतो, याची कल्पना येईल.

नियंत्रण व्यवस्थेचे तीन भाग असतात : माहिती घेणारे संवेदक, निर्णय घेणारा इलेक्ट्रॉनीय नियंत्रक आणि निर्णय अमलात आणणारे घटक. भुजादंडाजवळील चुंबकीय संवेदक दंतचक्रावरील दाते मोजून गती व दट्ट्याचे स्थान सांगतो. दात्यांच्या रांगेत मुद्दाम ठेवलेली मोकळी जागा ही मोजणीची खूण असते. अंतर्ग्रहण नळीतील तप्त तार तिच्यावरून वाहणाऱ्या हवेने किती थंड होते, यावरून हवेचे वस्तुमान कळते. शीतक पाण्याचे तापमान थर्मिस्टराने मोजले जाते. दाबविद्युत् स्फटिकाचा संवेदक एंजिनाच्या धातूतील कंपने ऐकून अवेळी होणाऱ्या स्फोटाची, म्हणजे ठोक्याची, वर्दी देतो. जुना चालक जो ठोका कानाने ऐकून तरफ मागे घेई, तोच ठोका आता स्फटिक ऐकतो व नियंत्रक ठिणगी उशिरा पाडतो.

नियंत्रकाच्या स्मृतीत गती व भार यांच्या प्रत्येक जोडीसाठी योग्य इंधनमात्रा व ठिणगीचा क्षण यांचे कोष्टक साठविलेले असते. हे कोष्टक निर्मात्याने परीक्षण मंचावर एंजिन चालवून तयार केलेले असते. मात्र केवळ कोष्टकावर विसंबून भागत नाही, कारण एंजिने झिजतात आणि इंधनाचा दर्जाही बदलतो. येथे ऑक्सिजन संवेदकाचे महत्त्व आहे. एक भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वस्तुमानाने सु. १४·७ भाग हवा लागते. निष्कास नळीत बसविलेला झिर्कोनियम ऑक्साइडाचा संवेदक जळून आलेल्या वायूत ऑक्सिजन उरला आहे किंवा नाही, हे विद्युत् दाबाच्या बदलाने कळवितो. त्यावरून नियंत्रक पुढील इंधनमात्रा कमी वा अधिक करतो. परिणाम पाहून कारणात दुरुस्ती करण्याच्या या तत्त्वाला पुनःप्रदाय म्हणतात. मिश्रण या अरुंद मर्यादेत राहिले, तरच उत्प्रेरकी परिवर्तक कार्बन मोनॉक्साइड, न जळालेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे या तिन्हींचे एकाच वेळी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करू शकतो. कार्ब्युरेटराने ही मर्यादा सातत्याने पाळणे कठीण असल्यामुळे तो मोटारगाड्यांतून नाहीसा झाला.

डीझेल एंजिनाचे नियंत्रण : डीझेल एंजिनात ठिणगी नसते, संपीडनाने तापलेल्या हवेत इंधन फवारताच ते पेट घेते. म्हणून इंधन केव्हा, किती व किती दाबाने फवारले, यातच सर्व नियंत्रण सामावलेले असते. जुन्या यांत्रिक पंपात दाब एंजिनाच्या गतीवर अवलंबून असल्याने मंद गतीत फवारा भरड होई व धूर निघे. सामाईक नळी पद्धतीत, म्हणजे व्यवहारात ‘कॉमन रेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत, पंप सर्व अंतःक्षेपकांना जोडणाऱ्या एका जाड नळीत उच्च दाबाने इंधन साठवितो आणि प्रत्येक अंतःक्षेपक विद्युत् संदेशाने उघडतो. १९९० नंतरच्या दशकात जपान व यूरोप येथे ही पद्धती वापरात आली. १९९७ मध्ये ती इटलीतील आल्फा रोमेओ कंपनीच्या मोटारगाडीत बसविण्यात आली. तेव्हा सु. १,३५० बार असलेला दाब (१ बार म्हणजे सु. १ वातावरणीय दाब) नंतरच्या एंजिनांत २,००० बारच्या वर गेला. एकाच धावेत प्रारंभिक, मुख्य व नंतरचा असे अनेक फवारे देता येत असल्याने डीझेल एंजिनाचा खडखडाट व धूर दोन्ही कमी झाले.

दोषनिदान : संवेदक बिघडला, तर नियंत्रक चुकीचा निर्णय घेईल. म्हणून त्याला स्वतःच्या संवेदकांची तपासणी करण्याचे कामही दिलेले असते. आढळलेल्या दोषाचा क्रमांक स्मृतीत नोंदविला जातो व दर्शक फळीवर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. अमेरिकेत १९९६ पासून या क्रमांकांची पद्धती व जोडणीचा साचा प्रमाणित करण्यात आला. भारतात चारचाकी वाहनांसाठी तिचा पहिला टप्पा २०१० पासून व दुसरा २०१३ पासून अमलात आला. दोष सापडलाच नाही, तर दिवा लागत नाही, एवढाच या व्यवस्थेचा अर्थ आहे. एंजिन निरोगी असल्याचा तो दाखला नव्हे. विशेषतः धारव्यांची झीज व तेलाचा ऱ्हास या गोष्टी या दिव्याच्या कक्षेत सामान्यतः येत नाहीत.

वंगण तेलाचे कार्य व ऱ्हास : एंजिनातील तेल घर्षण कमी करते, शिवाय ते दट्ट्या व धारवे यांची उष्णता वाहून नेते, दट्ट्याची कडी व सिलिंडर यांतील फट बुजविते, काजळी व धातूचे कण निलंबित अवस्थेत धरून गाळणीपर्यंत पोहोचविते आणि ज्वलनात तयार होणाऱ्या आम्लांचे उदासिनीकरण करते. भुजादंड व धारवा यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, त्याची जाडी काही मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. एंजिनाचा सारा भार या पापुद्र्यावर तोललेला असतो. तो तुटला, तर धातूला धातू घासून काही सेकंदांतच धारवे वितळू लागतात. कारागीर यालाच ‘एंजिन जाम झाले’ असे म्हणतात.

तेलाचा ऱ्हास अनेक मार्गांनी होतो. उष्णतेमुळे त्याचे ऑक्सिडीभवन होऊन ते दाट होते व गाळ साचतो. काजळीनेही ते दाट होते. उलट न जळालेले इंधन मिसळल्यास ते पातळ होते. आम्लरोधी व झीजरोधी पूरके हळूहळू खर्च होतात. गाडी वारंवार थोडेच अंतर चालविल्यास तेल पुरेसे तापत नाही व त्यातील पाण्याची वाफ निघून जात नाही. हवेच्या गाळणीतून सुटलेली धूळ तेलात मिसळून घासणीच्या चूर्णासारखे काम करते. यांपैकी कोणत्याही एका राशीच्या मापनाने तेलाची संपूर्ण अवस्था कळत नाही. दाट करणारी व पातळ करणारी कारणे एकाच वेळी कार्य करीत असतील, तर श्यानता, म्हणजे तेलाचा दाटपणा, बदललेला दिसत नाही आणि तरीही तेल निकामी झालेले असते. तेल निरीक्षण हे इंधन नियंत्रणापेक्षा कठीण ठरले, त्याचे मूळ येथे आहे.

तेल निरीक्षणाच्या प्रयुक्ती : (१) पातळी : एंजिनात खोचलेली खुणांची धातूची पट्टी, म्हणजे कारागिरांची ‘डिपस्टिक’, हे सर्वांत जुने व आजही विश्वसनीय साधन होय. सपाट जागी एंजिन बंद करून तेल खाली उतरल्यावर घेतलेले माप खरे असते. विद्युत् पद्धतींत तरंगता गोळा, धारितेतील बदल, श्राव्यातीत ध्वनीचे परावर्तन किंवा तापविलेला रोधक तेलात किती वेगाने थंड होतो याचे मापन, यांपैकी एक तत्त्व वापरतात.

(२) दाब : गरम एंजिन वेगात असताना दाब सामान्यपणे २ ते ४ बार व मंद गतीत १ बारच्या आसपास असतो. दाबदर्शक दिव्याच्या कळीत एक पडदा व संपर्क असतो. दाब नसताना संपर्क जुळून दिवा लागतो. दाब आल्यावर पडदा सरकून दिवा विझतो. किल्ली फिरवताच व एंजिन सुरू होण्यापूर्वी हा तांबडा दिवा लागला पाहिजे. तो न लागल्यास दिवा, तार किंवा कळ बिघडली असून इशारा देणारी व्यवस्थाच बंद पडली आहे, असे समजावे. ही कळ सामान्यतः अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून कमी दाबाला कार्य करते. म्हणजेच वेगात धावणाऱ्या एंजिनाला आवश्यक असलेला दाब निम्म्याहून अधिक घटला, तरी दिवा विझलेलाच राहू शकतो. शिवाय तेल निम्मे संपले, तरी पंपाच्या शोषण नळीचे तोंड बुडलेले असेपर्यंत दाब टिकून राहतो. थोडक्यात, हा दिवा तेल कमी झाल्याचा इशारा नसून तेल पोहोचेनासे झाल्याचा इशारा आहे. तो लागताच एंजिन बंद करणे हाच एक उपाय उरतो. पुढील गावापर्यंत नेऊ, असे म्हणण्यास अवकाश नसतो.

विद्युत् जनित्र चालविणाऱ्या स्थिर डीझेल एंजिनांत दाब घटताच इंधनपुरवठा आपोआप तोडण्याची योजना असते. मोटारगाडीत मात्र असे सहसा करीत नाहीत, कारण घाटात वा रेल्वे फाटकावर एंजिन अचानक बंद पडणे जिवावर बेतू शकते. तेथे इशारा देऊन किंवा शक्ती मर्यादित करून निर्णय चालकावर सोडलेला असतो.

(३) गुणवत्ता : तेलात ध्रुवीय ऑक्सिडीभूत पदार्थ, पाणी व काजळी वाढली की त्याची विद्युत् अपार्यता, म्हणजे विद्युत् क्षेत्रात विद्युत् ऊर्जा साठविण्याची क्षमता, बदलते. दोन पट्टिकांमध्ये तेल ठेवून ही राशी मोजणारे संवेदक १९९० नंतरच्या दशकात यूरोपातील काही महागड्या गाड्यांत आले. सूक्ष्म स्फटिकाच्या कंपनांवरून श्यानता मोजणाऱ्या प्रयुक्तीही तयार झाल्या आहेत. मात्र वेगवेगळ्या प्रकारच्या तेलांची मूळ मूल्येच भिन्न असल्याने, तेल बदलताना निराळ्या जातीचे तेल घातल्यास वाचनाचा अर्थ लावणे कठीण जाते.

(४) गणिती अनुमान : या अडचणींमुळे बहुसंख्य निर्मात्यांनी तेल प्रत्यक्ष न मोजता त्याच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब करण्याचा मार्ग पत्करला. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आणलेल्या पद्धतीत एंजिनाचे फेरे मोजले जातात व तेलाच्या तापमानानुसार त्यांना गुणक लावला जातो. फार थंड व फार उष्ण अवस्थेतील फेऱ्यांचा भार अधिक धरतात. ठराविक बेरीज पूर्ण झाली की तेल बदलण्याची सूचना मिळते. केवळ किलोमीटर मोजण्यापेक्षा ही पद्धती निश्चितच न्याय्य आहे. परंतु घातलेले तेल शिफारस केलेल्या दर्जाचे आहे, गाळणी शाबूत आहे आणि तेल बदलल्यावर मोजणी शून्यावर आणली आहे, ही तिची गृहीतके होत. तेल न बदलता नुसती मोजणी शून्यावर आणली, तरी ती यंत्रणा तेल नवे असल्याचेच दाखविते.

नियंत्रण व तेल यांचा परस्परसंबंध : आधुनिक एंजिनात तेल हे केवळ निरीक्षणाचा विषय राहिलेले नाही, ते नियंत्रणाचे माध्यमही झाले आहे. झडपा उघडण्याचा क्षण बदलणारी यंत्रणा अनेक एंजिनांत तेलाच्या दाबावर चालते. तेल दाट, मळकट वा चुकीच्या श्यानतेचे असेल, तर कॅमदंड वेळेवर सरकत नाही व नियंत्रक झडपांच्या वेळेचा दोष नोंदवितो. संवेदक बदलूनही दोष जात नाही, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा तेलात सापडते. याउलट नियंत्रणामुळे तेलावर परिणाम होतो. डीझेल वाहनाच्या निष्कास नळीतील काजळीची गाळणी भरली की ती जाळून साफ करण्यासाठी काही एंजिनांत दट्ट्या खाली जात असताना जादा इंधन फवारतात. त्याचा काही अंश सिलिंडराच्या भिंतीवरून ओघळून तेलात मिसळतो. अशा वेळी पट्टीवरील पातळी घटण्याऐवजी वाढते. तेल वाढले म्हणून समाधान मानण्याचे हे कारण नसून, ते पातळ झाल्याची ती खूण आहे.

प्रयोगशाळेतील परीक्षण : आगगाड्यांची डीझेल एंजिने, विमाने, जहाजे व मोठे वाहनताफे यांच्या बाबतीत तेलाचा नमुना काढून वर्णपटमापकाने त्यातील धातूंचे प्रमाण मोजतात. लोह वाढल्यास सिलिंडर वा भुजादंड, ॲल्युमिनियम वाढल्यास दट्ट्या, तांबे व शिसे वाढल्यास धारवे झिजत आहेत, असे अनुमान निघते. सिलिकॉन धुळीचा शिरकाव दर्शविते, तर सोडियम शीतक पाण्याची गळती सुचविते. एकाच वाचनापेक्षा क्रमाने घेतलेल्या वाचनांतील बदल अधिक बोधप्रद असतो. भारतीय रेल्वेच्या डीझेल एंजिन शेडमध्ये ही पद्धती प्रचलित आहे.

भारतातील विकास : भारतात एंजिन नियंत्रणाचा प्रसार मुख्यतः प्रदूषणविषयक नियमांमुळे झाला. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक आवश्यक ठरला. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले. शिशामुळे उत्प्रेरक निकामी होत असल्याने ही पूर्वअट होती. भारत स्टेज ४ मानके १ एप्रिल २०१७ पासून, तर भारत स्टेज ६ मानके मधला टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. त्यानंतर दुचाकी वाहनांतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला.

या प्रवासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांखाली वाहने व एंजिने यांचे परीक्षण करून प्रमाणपत्र देते. पुण्याच्याच किर्लोस्कर ऑइल एंजिन्स (स्थापना १९४६) या कंपनीची डीझेल एंजिने विजेचे पंप सर्वत्र येण्यापूर्वी गावोगावच्या विहिरींवर चालत असत. नासिकजवळील सातपूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा (२००८ पासून बॉश लिमिटेड) डीझेल अंतःक्षेपकांचा व त्यांच्या तोट्यांचा कारखाना आहे. सामाईक नळी पद्धतीचे अंतःक्षेपकही तेथे तयार होतात. नासिक येथेच महिंद्र कंपनीचा वाहनांचा आणि याच जिल्ह्यातील इगतपुरी येथे तिचा एंजिनांचा कारखाना आहे.

पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने २००३ मध्ये ‘पल्सर’ मोटारसायकलीत एका सिलिंडरास दोन ठिणगी गुडद्या व सूक्ष्मप्रक्रियकाने ठरविलेला ठिणगीचा क्षण, अशी योजना आणली. लहान सिलिंडरातील विरळ मिश्रण दोन बाजूंनी पेटवून ज्वलन जलद करणे हा तिचा हेतू होता. २००२ मध्ये अर्ज केलेल्या या शोधाला २००५ मध्ये भारतीय एकस्व मिळाले. २००७ मध्ये टीव्हीएस कंपनीने आपली दोन गुडद्यांची मोटारसायकल जाहीर केल्यावर दोन्ही कंपन्यांत वाद सुरू झाला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचा अचूक हिशेब ठेवण्याच्या अटीवर विक्रीस मुभा दिली आणि बौद्धिक संपदेचे दावे त्वरेने निकालात काढावेत, असे निर्देश दिले. २०१९ मध्ये हा वाद परस्पर समझोत्याने मिटला. एंजिन नियंत्रणातील शोधावरून भारतात लढला गेलेला हा एक प्रमुख दावा होय.

वापराच्या परिस्थितीचा परिणाम : कारखान्यात ठरविलेले कोष्टक व प्रत्यक्ष वापर यांतील अंतर समजण्यासाठी नासिक जिल्ह्याच्याच ईशान्येकडील देवळा तालुक्याचे उदाहरण घेता येईल. गिरणा नदीच्या खोऱ्यातील हा भाग कांद्याच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ कांदा निघण्याच्या दिवसांत ट्रॅक्टर व मालवाहू पिकअप गाड्या देवळा, उमराणे व लासलगाव येथील बाजार समित्यांकडे धावतात. शेतातील कच्च्या वाटेवर धूळ असते. भावडबारीसारख्या घाटात भरलेल्या गाडीचे एंजिन पूर्ण भाराखाली मंद गतीने चालते, तेव्हा तेल तापते पण गाडीच्या वेगाने मिळणारी हवा कमी असते. बाजाराच्या आवाराबाहेरील रांगेत एंजिन चालू ठेवून गाडी इंचाइंचाने सरकते. या तिन्ही अवस्था तेलाला कठोर आहेत आणि किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रात त्यांची नोंद जवळजवळ होत नाही. म्हणून अशा वापरात निर्मात्याने ‘कठीण परिस्थिती’साठी दिलेली कमी मुदत पाळणे आवश्यक असते.

ट्रॅक्टरात याच कारणासाठी अंतराऐवजी तास मोजतात. अनेक ट्रॅक्टरांतील तासमापक एंजिनाच्या फेऱ्यांवर चालत असल्याने तो ठराविक गतीलाच घड्याळाशी जुळतो. मंद गतीत तो मागे पडतो. भारतात ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या ट्रॅक्टरांना कडक उत्सर्जन मानके जानेवारी २०२३ पासून लागू झाली व त्यांत इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण आले. लहान शेतकऱ्यांकडील कमी शक्तीच्या ट्रॅक्टरांना ती त्या वेळी लागू झाली नाहीत. त्यामुळे एकाच शेतकऱ्याच्या अंगणात पूर्णपणे यांत्रिक पंपाचा जुना ट्रॅक्टर आणि संवेदकांनी भरलेली नवी पिकअप गाडी शेजारी उभी असलेली दिसते. पहिल्याची दुरुस्ती गावातील कारागीर पान्यांनी करू शकतो. दुसरीच्या दोषाचा क्रमांक वाचण्यास उपकरण लागते. मात्र तेलाच्या बाबतीत दोन्ही वाहनांची गरज एकच आहे : योग्य दर्जाचे तेल, शाबूत गाळणी व नियमित पाहणी.

मर्यादा : एंजिन नियंत्रणाने गेल्या अर्धशतकात इंधनाची मोठी बचत केली व निष्कास वायूंतील विषारी घटक अनेक पटींनी घटविले. परंतु त्यामुळे चालकाच्या लक्षाची गरज संपली, असा समज बरोबर नाही. नियंत्रक इंधनाच्या चुका क्षणार्धात दुरुस्त करतो, पण तेल कमी पडल्यास तो ते निर्माण करू शकत नाही. पिवळा दिवा सामान्यतः दुरुस्तीगृहापर्यंत जाण्यास सवड देतो; तेलाच्या बुधलीच्या आकृतीचा तांबडा दिवा ती देत नाही. या दोहोंतील भेद माहीत असणे व ठराविक दिवसांनी पट्टी काढून तेलाची पातळी, रंग व वास पाहणे, हेच आजही एंजिनाचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. विद्युत् मोटारींच्या प्रसाराने यांतील काही प्रश्न कालांतराने मागे पडतील. तोपर्यंत रस्त्यावर व शेतात असलेल्या असंख्य एंजिनांचे आयुष्य धारव्यातील त्या काही मायक्रोमीटर जाडीच्या पापुद्र्यावरच अवलंबून राहणार आहे.